दौलतकाकांनी बांधलेली वायर

गेली तीन वर्षं मी ही गोष्ट ‘वायर तुटली’ अशी सांगत आलो. वायर आपोआप तुटत नसते. ती मी तोडली, आणि दौलतकाकांना नऊ दिवस मुकं केलं.

त्याचं असं झालं. थंडीचे दिवस होते, धान घरात आलं होतं, आणि आमच्या अड्याळच्या पलीकडच्या गावी कित्येक वर्षांनी पुन्हा शंकरपट भरणार होता. बैलजोड्यांच्या शर्यतीवरची बंदी उठली होती. पटसमितीची माणसं मला बाजारात भेटली. म्हणाली, “बाबू, शेवटची जोडी दौलतकाका पुकारतीन का, विचारून पाहा जी.” मी शाळेत बाबू आहे, म्हणजे कारकून. निरोप पोचवणं हेच माझं आयुष्य. शिवाय काका माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारे. पिशवीतली वांगीसुद्धा घरी न टाकता मी थेट त्यांच्याकडे गेलो.

काका आंघोळीला गेले होते आणि सुभद्राकाकू मागे परसात होत्या. माझ्या मोबाईलची बॅटरी संपत आलेली, आणि ही बातमी मला ताबडतोब आठदहा जणांना कळवायची होती. (बातमी पोटात राहिली की मला करपट ढेकरा येतात, असं आमची मंगला म्हणते.) भिंतीवरच्या एकुलत्या सॉकेटात एक वायर लावलेली होती. ती काढून मी माझा चार्जर लावणार होतो. मी चार्जरचं डोकं न धरता वायर धरली आणि हिसका दिला.

‘टक्’ असा बारीक आवाज आला. वायरीचं दुसरं टोक फळीवरच्या एका यंत्रात खोचलेलं होतं. तिथली सुईसारखी पिन यंत्रातच राहिली आणि वायर माझ्या हातात आली.

काका टॉवेल गुंडाळून बाहेर आले. माझ्या हाताकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. मग खुंटीवरची पाटी काढून लिहिलं, ‘कोन वढलं?’

खोलीत मी एकटाच होतो.

काकांचा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना या वायरीची किंमत कळायची नाही. पंचवीस-तीस वर्षं आमच्या भागात कुठंही पट असो, पुकारायला दौलतकाका. डोक्याला पांढरा दुपट्टा, एक पाय मचाणाच्या बांबूवर, आणि हातात माईक असला तरी तो तोंडापासून वीतभर दूर. “सुटलीऽऽ रे सुटली! झेंडी पाहा बापा, धुरळा नोका पाहू!” हे पटात म्हणायचं वाक्य, पण काका ते कुठंही म्हणत. माझ्या मुलीचा निकाल लागायचा होता आणि मी अंगणात येरझारा घालत होतो, तेव्हा भिंतीवरून हेच: “बाबू, झेंडी पाय, धुरळा नोको पाहू.” मला त्याचा अर्थ कळला नाही, पण येरझारा थांबल्या.

माझ्या लग्नातही त्यांनी मांडवात माईक हिसकावून घेतला होता. मंगला आसगावची. आम्ही दोघं हार घालून उभे, आणि काका: “आता येऊन राह्यली अड्याळ-आसगाव जोडी! डावा जरासा आळशी दिसते बापा, पण उजवी वढून नेईन!” सगळा मांडव हसला. मंगलानं हे वाक्य गेल्या बावीस वर्षांत माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून किती वेळा सादर केलं, ते विचारू नका.

असा आवाज बिडीनं खाल्ला. नागपूरच्या डॉक्टरांनी काकांची स्वरयंत्राची पेटीच काढून टाकली. जीव वाचला. काकूंनी सारी उमर घरी बसून बिड्या वळल्या होत्या आणि काका त्यांच्याच सुपातली बिडी उचलून ओढायचे. दवाखान्यातून आल्यावर काकूंनी ते सूप, ती कात्री, तेंदूची पानं मोजायचा तो पत्र्याचा तुकडा, सगळं एका गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलं. त्याबद्दल त्या कुणाशी बोलल्या नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

मग ते यंत्र आलं. टॉर्चएवढं. गळ्याला लावायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. आत काहीतरी गुणगुणतं आणि शब्द बाहेर पडतात, सगळे एकाच सपाट सुरात. राग असो, लाड असो, चहा मागायचा असो, पट्टी तीच. काकांनी त्याचं नाव ठेवलं भुंगा.

भुंगा नसला तर काका पाटीवर लिहीत. पण काकूंना अक्षरओळख नव्हती. तेव्हा पाटी आम्हा लोकांसाठी होती आणि भुंगा काकूंसाठी. हे मला वायर तोडल्यावर, दुसऱ्या दिवशी समजलं. सकाळी त्यांच्या घरातून थाळी वाजल्याचा आवाज आला. ठण्. मग थोड्या वेळानं ठण् ठण्. मी भिंतीवरून डोकावलो.

“एकदा वाजवली का पानी,” काकू म्हणाल्या, “दोनदा वाजवली का जेवन.”

“बरी युक्ती काढली काकांनी,” मी म्हणालो. माझ्या मनाला तेवढंच बरं वाटलं असतं.

“कायची युक्ती जी? थाळी वाजवून बोलनं होते का? हा मानूस मले हाका मारते का नुसताच जेवाले मांगते, थाळी का सांगन मले?”

मी डोकं खाली घेतलं.

वायर साधी असती तर बाजारातून आणून दिली असती. पण त्या यंत्राची पिन वेगळी, मोबाईलची लागत नाही. नागपूरला फोन केला. ते म्हणाले, मागवावी लागेल, आठ दिवस तरी धरा. पट अकरा दिवसांवर होता. बाजारातल्या मोबाईलवाल्यानं जुनीलाच डाग देऊन जोडली, ती संध्याकाळपर्यंत टिकली. मग मी स्वतः मैदानात उतरलो. पाइपाच्या गळतीला लावतात ती मळायची लांबी आणली, आणि जोडावर जांभळाएवढा गोळा थापला. रात्रभर वाळू दिला. दगड झाला अगदी. सकाळी अभिमानानं काकांकडे नेला. काकांनी वायर दोन बोटांत धरली, एकदा वाकवली. गोळा जिथं संपत होता नेमकी तिथंच ती तुटली.

काकांनी पाटी घेतली. ‘ताठ जिथं सरते, तिथंच तुटते.’

मग त्यांनी मला हाताला धरून पडवीत नेलं. काका मासे धरणाऱ्यांच्या घरातले. स्वतः तलावात उतरून त्यांना जमाना झाला होता, पण जाळी मात्र अजून विणत. बांबूची सुई आणि नायलॉनचा दोरा बसल्या जागी चालूच. एका जाळ्याची दोरी बांबूला जिथं बांधली होती, ती जागा त्यांनी दाखवली. बांबूजवळ वेढे एकाला एक चिकटून. मग जरा फट. मग थोडी जास्त फट. असं करत करत दोरी मोकळी झालेली. काकांनी ती वाकवून दाखवली. ती कुठंही एका जागी मोडत नव्हती, सगळीकडे थोडी थोडी वाकत होती. मला वाटलं, आपण बारावीपर्यंत विज्ञान शिकलो ते कुठल्या वर्गात बसून.

सहावा दिवस उलटला तशी समितीची चुळबुळ सुरू झाली. दोघं जण माझ्या दारात आले. “बाबू, दुसरा मानूस पाहाव का? एक पोट्टा हाय, रिकॉर्डिंग लावते, डायलॉग मारते...”

मी त्यांना काकांसमोरच नेलं. अशी कामं मी एकट्यानं करत नाही. काकांनी ऐकून घेतलं. पाटीवर लिहिलं आणि ती त्यांच्यापुढे धरली: ‘मी येतो. भुंगा आला तर भुंग्यानं. नाही आला तर झेंडीनं.’

“पन काका, तुमी मुक्यानं का पुकारान जी?”

काकांनी ‘मी येतो’ याच्याखाली एक रेघ मारली. खडू मोडला. मोडलेल्या तुकड्यानं दुसरी रेघ मारली. ती माणसं उठून गेली.

नवी वायर आली ती नवव्या दिवशी दुपारी. मी पाकीट फोडतच अंगणात गेलो. काकूंनी हात धुण्यापुरताच वेळ घेतला आणि सॉकेटापाशी जाऊन उभ्या राहिल्या. “लावा.”

काकांनी मान हलवली आणि वायर घेऊन पडवीत बसले.

“अजी, पह्यले बोला, मंग बांधा!” काकू म्हणाल्या. “नऊ दिस झाले, अजून कितीक थाळी वाजवता?”

काकांनी काकूंकडे पाहिलं, हात जोडले, आणि दोरा उलगडला. आज न बांधता लावली तर परवा पटात तुटेल, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. काकू पुटपुटत चुलीशी गेल्या.

त्यानंतरचा तास मी पुन्हा पुन्हा आठवून ठेवला आहे. काकांनी माझ्या खिशातलं पेन काढलं, उघडलं, आतली स्प्रिंग घेतली. (या सगळ्या प्रकरणात माझं योगदान विचाराल तर ही स्प्रिंग. तीही शाळेच्या पेनाची.) स्प्रिंगचं टोक नखानं जरा उघडून त्यांनी ती गोल गोल फिरवत वायरीवर चढवली आणि पिनेच्या प्लास्टिकला टेकवली. मग दोऱ्याला मेण चोळलं. दोऱ्याचा एक लांब फासा करून वायरीवर आडवा ठेवला आणि त्याच्यावरून वेढे द्यायला लागले. सुरुवात वायरीवर नव्हे, पिनेच्या प्लास्टिकवर. तिथून स्प्रिंगवर. वीस-पंचवीस वेढे असे घट्ट, की दोऱ्याखाली काय आहे ते दिसेना. मग केसाएवढी फट. मग दोन केसांएवढी. शेवटी दोऱ्याचं टोक त्या फाशात ओवलं आणि फाशाचं दुसरं टोक ओढलं. टोक वेढ्यांच्या पोटात गडप झालं. गाठ नाही, गोळा नाही. बोट फिरवलं तर कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं ते कळत नव्हतं. मग दुसरं टोक, चार्जरजवळचं. तिथंही तसंच.

बांधून झाल्यावर त्यांनी पितळेचा लोटा पाण्यानं भरला, वायर त्याच्या गळ्यात अडकवली, आणि पिनेचं टोक बोटांत धरून लोटा झोक्यासारखा हलवायला लागले.

“अवो माय! नवीन वायर हाय ते!” काकू धावत आल्या.

लोटा हेलकावत राहिला. काकांनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं, लोटा उतरवला, आणि आता कुठं वायर यंत्राला लावली. लाल दिवा लागला.

भुंगा भरेस्तोवर काकांनी मला मोकळं सोडलं नाही. जुना चार्जर पडवीतल्या सॉकेटात खोचला आणि मला काढायला लावला. पाटीवर लिहिलं, ‘मान धर. शेपूट नोको.’ मी डोकं धरून काढला. पुन्हा खोचला. पुन्हा काढला. वीस वेळा. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, मुलगी कॉलेजात, आणि मी प्लग काढायला शिकत होतो. भिंतीपलीकडून मंगला पाहत होती. ती काही बोलली नाही, म्हणजे मनात बरंच होतं.

दिवेलागणीला दिवा हिरवा झाला. काकांनी भुंगा गळ्याला लावला. मला वाटलं, पटाची एखादी आरोळी ठोकतील.

“सुभद्रे,” भुंगा म्हणाला. एवढंच.

“हं, आलं आयकू. कान हायेत मले,” काकू म्हणाल्या, आणि आमच्याकडे पाठ करून चहा मांडायला लागल्या. साखर दोनदा पडली त्यात.

पटाच्या दिवशी मैदान माणसांनी फुललं होतं. भुंग्याची बॅटरी जुनी, बोलत राहिलं तर फार टिकत नसे. म्हणून मचाणाखाली टेबलावर, समितीच्या जनरेटरवर ती शेवटपर्यंत भरत ठेवायची असं ठरलं. राखणीला मी. आता राखणदारानं एका जागी बसावं की नाही? पण समोर आलुबोंड्यांचा घाणा निघत होता. मी प्लेट घेऊन परत आलो, नजर बोंड्यांवर, आणि पाय वायरीत.

मी आडवा पडलो. बोंडे मातीत गेले. भुंगा टेबलावरून सरकला आणि काठावरून खाली गेला.

खाली पडला नाही. वायरीला लटकून राहिला. सुईएवढ्या पिनेवर, दोऱ्याच्या वेढ्यांवर, त्या लोट्यासारखाच झोके घेत. लाल दिवा तसाच पेटलेला.

काका मचाणावरून उतरले. भुंगा हातात घेतला, डोकं धरून वायर काढली आणि यंत्र गळ्याला लावलं. “बाबू. मान धर मनलो होतो.” टेबलावरचा माईक चालू होता. सगळ्या पटानं ऐकलं.

शेवटची जोडी सुटायच्या आधी काकांनी भुंगा माईकपाशी नेला. ते गुणगुणणं चारी कर्ण्यांतून बाहेर पडलं तेव्हा पुढच्या रांगेत हशा झाला. कुणीतरी ओरडलं, “रोबोट आनला का बे!” काका थांबले. पूर्वी असतं तर त्याच्या सात पिढ्या पटात पळवल्या असत्या. आता आवाज चढवता येत नव्हता, म्हणून ते नुसते थांबून राहिले. झेंडीवाल्यालाही त्यांनी हातानं थांबवून ठेवलं. हसणारे हसून दमले, आणि मग ऐकू यावं म्हणून माणसंच एकमेकांना गप्प करायला लागली.

“जोडी,” काका म्हणाले. “उभी हाय.”

काकांनी झेंडीवाल्याला अडवलेला हात खाली घेतला.

“झेंडी पाहा. धुरळा नोका पाहू.”

झेंडी पडली. “सुटली.” एवढंच, त्याच सपाट सुरात. आयुष्यभर मी पट पाहिले, पण बैलांच्या खुरांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

काकू बायकांच्या बाजूला चटईवर बसल्या होत्या. परत येताना मंगलानं विचारलं, “कसं वाटलं काकू?” तर म्हणाल्या, “हळू बोलला आज. बरं बोलला.”

त्यानंतर काकांच्या पडवीत वायरींची रांग लागली. अंगणवाडीच्या ताईंच्या मोबाईलची, ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवाल्याची, आमच्या शाळेतल्या निम्म्या मास्तरांची. काका सगळ्यांच्या बांधून देत, पण आधी प्रत्येकाला प्लग काढून दाखवायला लावत. जो शेपूट धरून ओढी त्याची वायर तशीच परत. “पह्यले हात सुधार. मंग वायर.” हेडमास्तर दोनदा परत आले.

काकांना मी शेवटचं धडधाकट पाहिलं ते असंच. गेल्या उन्हाळ्यात, सकाळच्या कोवळ्या उन्हात, मंगलाच्या चार्जरची वायर डोळ्यांजवळ धरून ते फटी तपासत होते. मंगलानं प्लग पहिल्याच झटक्यात डोकं धरून काढला होता. काकांनी माझ्याकडे पाहून भुंगा लावला. “उजवी,” म्हणाले. बाकीचं वाक्य मला पाठच होतं. पाऊस लागल्यावर ते आजारी पडले आणि आठवड्याभरात गेले.

महिन्याभरानं दुपारचे आम्ही दोघं काकूंकडे गेलो. मंगलानं डब्यातून भाजी नेली होती. फळीवर भुंगा होता. वायर लावलेली, दिवा हिरवा. मला वाटलं, त्या दिवसापासून तसाच राहून गेला असेल. मी उठून डोकं धरून प्लग काढायला गेलो.

“राहू द्या जी,” काकू म्हणाल्या. “मीच लावते रोज.”

मी परत बसलो. काकू उठल्या, वायर अलगद काढली, यंत्र उचललं आणि स्वतःच्या गळ्याला लावलं. श्वास धरला. बटण दाबलं. ओठ हलले.

“सुभद्रे.”

तोच सूर. तीच पट्टी. मंगलानं माझा हात धरला.

“कोनीबी लावा, यातून एकच आवाज निंगते,” काकू आपल्या आवाजात म्हणाल्या. यंत्र पुन्हा फळीवर ठेवलं, पिन बसवली, वेढ्यांवरून बोट फिरवलं. “दिसातून एक डाव लावते. जास्त नाही. बॅटरी जुनी झाली. वायर मात्र लय मजबूत बांधून गेला.”

घरी येईपर्यंत, म्हणजे भिंत ओलांडण्याइतक्या अंतरात, मी पहिल्यांदाच काही बोललो नाही. मंगला डबा घासायला घेऊन बसली. बराच वेळ घासला. मग मान वर न करता म्हणाली:

“तुमचा आवाज बंद झाला तर दोन दिस मले लय बरं वाटन. तिसऱ्या दिवशी मीच वायर बांधाले बसन.”